‘मधुर शीळ’ कोणाची?

जून १९८७ मधली माझी एक नोंद आहे. वहीचे पान पावसाने फुगलेले आहे, शाई पसरली आहे, तरी अक्षर लागते. ‘येऊर. पहाट. ओढ्यापलीकडच्या गर्द झाडीतून अतिशय मधुर शीळ. पक्षी दिसला नाही. पंधरा मिनिटे ऐकत उभे.’ त्याखाली आणखी एक ओळ आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

ठाणे-कल्याण पट्ट्यातले काही तरुण पक्षिनिरीक्षक अलीकडे जुन्या वह्या जमवू लागले आहेत. येऊरच्या जंगलात, मलंगगडाच्या पायथ्याशी, बारवी धरणाच्या आसपास तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोणते पक्षी होते, हे त्यांना हवे आहे. मीही माझ्या वह्या दिल्या. महिन्याभराने त्यांच्यातली एक मुलगी डोंबिवलीला घरी येऊन त्या परत देऊन गेली. तिने बऱ्याच नोंदी उतरवून घेतल्या होत्या. या नोंदीपुढे मात्र पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह होते.

‘‘काका, ही शीळ कोणाची?’’ तिने विचारले.

मला सांगता आले नाही. पंधरा मिनिटे कानात प्राण आणून ऐकलेला आवाज मी ‘अतिशय मधुर’ या दोन शब्दांत बंद केला आणि त्या दोन शब्दांतून तो आता कोणालाच बाहेर काढता येत नाही. नोंद खोटी नाही, पण पुरावा म्हणून तिची किंमत शून्य आहे. तेव्हापासून मी आपल्या मराठी पक्षिलेखनाकडे या एकाच प्रश्नाने पाहू लागलो: रानातल्या गाणाऱ्या पक्ष्याच्या आवाजाचे जे वर्णन आपण करतो, त्यावरून तो पक्षी ओळखता येतो का?

कपाटातल्या मराठी मार्गदर्शिका उघडून बसलो. पक्ष्याच्या रंगाबद्दल त्यांचे लेखक अत्यंत काटेकोर आहेत. भुवई पांढरी की पिवळसर, शेपटीची बाहेरची पिसे पांढरी की नाही, नराच्या गळ्यावरचा काळा पट्टा कुठे संपतो, सगळे सांगतात. आवाजाशी आले की भाषा सैल होते. ‘मधुर’, ‘सुरेल’, ‘मंजुळ’, ‘कर्कश’ आणि ‘कर्णकर्कश’ या चार-पाच विशेषणांत सगळे रान वाटून टाकलेले असते. पिवळा म्हणजे पिवळा, त्यावर वाद होत नाही. मधुर म्हणजे काय? शामा मधुर, दयाळ मधुर, कस्तूर मधुर, हळद्या मधुर. ज्या विशेषणाने कोणालाच वेगळे काढता येत नाही ते ओळखीच्या पुस्तकात कशासाठी घालायचे?

याला एक जुने कारण आहे. पक्षिशास्त्र बंदुकीच्या जोरावर वाढले. पक्षी मारायचा, कातडे सोलायचे, पेंढा भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची आणि संग्रहालयाच्या खणात ठेवायचे. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूमने १८८५ मध्ये आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला तेव्हा त्यात पक्ष्यांची हजारो कातडी होती. खणातले कातडे रंग सांगते, चोचीची लांबी सांगते, गात नाही. जाती ठरल्या त्या या कातड्यांवरून, आणि वर्णनाची रीतही तिथेच पडली. बंदूक गेली, दुर्बीण आली, तरी डोळ्याचाच अंमल राहिला. सालिम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ १९४१ मध्ये निघाले आणि आपल्याकडच्या पक्षिनिरीक्षकांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. त्यांनी आणि डिलन रिप्ली यांनी १९६८ ते १९७४ या काळात दहा खंडांचा जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यात आवाजासाठी स्वतंत्र मथळा आहे आणि पुष्कळ ठिकाणी अक्षरांत बांधलेले आवाजही आहेत. मराठीत उतरताना आपण त्यातला रंगांचा भाग नीट उचलला. कानाचा भाग वाटेत सांडला.

कातड्याच्या चिठ्ठीवर किती विसंबायचे याचा एक धडा महाराष्ट्रातच मिळाला आहे. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गी पक्षी ह्यूमने १८७३ मध्ये शास्त्राला सांगितला. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा एकही नमुना मिळाला नाही. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामांकित इंग्रज संग्राहकाच्या संग्रहात १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची चिठ्ठी लावलेला एक नमुना तेवढा होता. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने ती चिठ्ठी खोटी ठरवली; दुसऱ्याच संग्रहातला जुना नमुना चोरून, पुन्हा शिवून त्यावर ती लावलेली होती. ती खोटी जागा बाजूला ठेवून तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी जुन्या, खऱ्या नमुन्यांच्या जागा शोधल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. पुढे २०१४ मध्ये तो आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही दिसला. दिसायला तो साध्या पिंगळ्याच्या इतका जवळचा आहे की घाईत चूक व्हावी. आवाज मात्र अगदी निराळा. साधा पिंगळा कलकलाट करतो, रानपिंगळा सौम्य सूर काढतो. याच रासमुसेनबाईंनी जॉन अँडरटन यांच्याबरोबर २००५ मध्ये दक्षिण आशियातल्या पक्ष्यांचा जो ग्रंथ काढला त्यात आवाजांचे आलेख छापले आहेत. खोटी चिठ्ठी पकडणाऱ्या व्यक्तीला आवाजाच्या पुराव्याची निकड वाटावी, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

माइनर्ट्‌झहागेनची चिठ्ठी लबाडीची होती. माझी ‘मधुर शीळ’ प्रामाणिक आहे. नोंदी तपासायला बसलेल्या माणसाला दोन्हींचा उपयोग सारखाच.

साहित्याकडे वळलो की चित्र अधिक मजेशीर होते. आपल्या कवितेतली कोकिळा गाते, आणि रानातली कोकिळा गात नाही. ‘कुहू’ हा काळ्या कुळकुळीत कोकीळ नराचा आवाज आहे. मादी तपकिरी, ठिपकेदार असते आणि ‘किक् किक् किक्’ असा घाईचा आवाज काढत झाडातून झाडात शिरते. संस्कृतातला कोकिल पुल्लिंगी आहे. गाणे म्हणजे स्त्रीचा गळा, या आपल्या आवडीने तो मराठीत येऊन कोकिळा झाला आणि सरोजिनी नायडूंपासून गल्लीतल्या गायिकेपर्यंत सर्वांना ती पदवी मिळाली. कवीला यात मोकळीक आहे. कवितेवर पक्षिशास्त्राची पोलीसगिरी करावी असे मी म्हणणार नाही. पण हीच कोकिळा जेव्हा ललित निबंधात ‘आज पहाटे कोकिळा गात होती’ अशी निरीक्षणाच्या थाटात येते, तेव्हा लेखकाने बाहेर न पाहता शब्दकोशातून ऐकले आहे हे कळते.

चातकाचे तसेच. काळा-पांढरा, तुऱ्याचा चातक आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यांबरोबर आपल्याकडे येतो. पाऊस तोंडावर आला की जो रात्रंदिवस ओरडून भंडावतो तो पावशा. त्याची अंगकाठी शिकऱ्यासारखी, रंग करडा. हिंदीतला पपीहा म्हणजे हा पावशा. हिंदी कवितेतला पपीहा आणि संस्कृत कवितेतला चातक यांची आपण इतकी सरमिसळ केली की पुष्कळ मराठी लेखांत चातक पावशाच्या आवाजात ओरडतो. बुलबुलाची कथा याच्याही पलीकडची आहे. फारसी कवितेतला बुलबुल म्हणजे इंग्रजांचा नाइटिंगेल. आपल्याकडे ते नाव वेगळ्याच कुळातल्या पक्ष्याला चिकटले, आणि डोंबिवलीच्या बाल्कनीतल्या कुंडीत घरटे करणाऱ्या गरीब लालबुड्या बुलबुलावर इराणच्या बागेतले सगळे विरहगीत येऊन पडले.

या पार्श्वभूमीवर मारुती चितमपल्ली यांचे मोल वेगळे आहे. वनखात्यात नोकरी करताना त्यांनी आदिवासींकडून, पारध्यांकडून, जुन्या ग्रंथांतून शब्द गोळा केले. ‘पक्षिकोश’ हा त्या साठवणीचा एक भाग. कावळ्यांच्या वस्तीला काकागार, बगळ्यांच्या वीणवस्तीला सारंगागार हे शब्द मराठीत रुजले ते त्यांच्यामुळे. मराठीला त्यांनी रानातली नामे दिली. तरीही, त्यांचा ऋणाईत म्हणूनच लिहितो, त्यांच्या ललित लेखनात आवाज येतो तो बहुधा वातावरण म्हणून. रान गूढ होते, पहाट भारलेली होते. तो आवाज वाचून दुसऱ्या दिवशी रानात जाऊन पक्षी ओळखावा, ही त्या लेखनाची गरजच नव्हती. त्यांच्या मागून लिहिणाऱ्यांनी मात्र भारलेली पहाट तेवढी घेतली. शब्द गोळा करण्याचे कष्ट सोडून दिले. किरण पुरंदरे पक्ष्यांचे आवाज तोंडाने इतके हुबेहूब काढतात की पक्षी जवळ येतात. ज्यांनी प्रत्यक्ष ऐकले त्यांना वेगळे सांगायला नको. ते गळ्यातले कागदावर कसे आणायचे, हा प्रश्न आपल्या समीक्षेने कधी विचारलाच नाही.

तो जिथे नाइलाजाने विचारावा लागला ती जागा आपल्यापासून फार दूर आहे. दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनात, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात आणि अँडीज पर्वताच्या उतारांवर, पक्षी दिसतच नाही. झाडोरा दाट, उजेड कमी, आणि खालच्या थरात वावरणारे पक्षी तपकिरी-करडे, एकमेकांसारखे. तिथल्या मुंगीपक्ष्यांचे मोठे कुळ आहे. त्यांतले काही लष्करी मुंग्यांच्या फौजेपुढे जीव घेऊन पळणारे किडे टिपतात, म्हणून हे नाव. हातात धरले तरी यांतल्या काही जाती एकमेकींपासून ओळखणे कठीण. थिओडोर पार्कर या अमेरिकन निरीक्षकाने दुर्बिणीइतकाच ध्वनिमुद्रकावर भर दिला. चार हजारांच्या आसपास जातींचे आवाज तो ओळखत असे, असे त्याच्याबद्दल सांगतात. पेरूतल्या एका मुंगीपक्ष्याला १९८६ मध्ये त्याचे नाव देण्यात आले. १९९३ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, इक्वेडोरमध्ये जंगलाची पाहणी करताना विमान कोसळून तो गेला. त्याने केलेली हजारो ध्वनिमुद्रणे मागे राहिली.

पुढचे पाऊल १९९८ चे. मॉर्टन व फिलिस आयलर हे दांपत्य आणि ब्रेट व्हिटनी यांनी मुंगीपक्ष्यांच्या जाती आवाजावरून कशा ठरवायच्या याची कसोटी मांडली. त्यांची युक्ती साधी होती. एकाच जंगलात शेजारी राहूनही परस्परांशी संकर न करणाऱ्या जवळच्या जातींच्या जोड्या त्यांनी घेतल्या. त्या निश्चितच वेगळ्या जाती. त्यांच्या आवाजांत किती फरक असतो हे आधी मोजले, तर किमान तीन लक्षणांत फरक आढळला: सुरांची संख्या, गती, सुराचा आकार अशांपैकी. मग हीच पट्टी दूर दूर राहणाऱ्या संशयित पक्ष्यांना लावली. यात ‘मधुर’ला जागाच नव्हती. मोजता येईल तेवढेच घ्यायचे.

पण ही पट्टी तिथे चालते याला एक जैविक कारण आहे, आणि माझ्या येऊरच्या शिळेचा निकाल त्या कारणावर अवलंबून आहे. झाडावर बसणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या गणाचे दोन भाग पडतात. एक गायक पक्ष्यांचा. त्यांचे स्वरयंत्र गुंतागुंतीचे असते आणि ते गाणे शिकतात. केंब्रिजच्या डब्ल्यू. एच. थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच या पक्ष्याची पिल्ले एकांतात वाढवली, तेव्हा ती मोठेपणी ओबडधोबड काहीतरी गाऊ लागली. बापाचे गाणे कानावर पडले नव्हते. दुसऱ्या भागाला आपण उपगायक म्हणू. डोनाल्ड क्रूड्‌स्मा आणि मासाकाझु कोनिशी यांनी फीबी नावाच्या अशा एका अमेरिकन पक्ष्याची पिल्ले बहिरी करून वाढवली, तरी ती मोठेपणी आपल्या जातीचे गाणे बिनचूक गायिली. हा प्रयोग १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. गाणे उपजत होते. अपवाद आहेत, मध्य अमेरिकेतला एक घंटापक्षी उपगायक असूनही शिकतो. पण सर्वसाधारणपणे उपगायकाचा आवाज त्याच्या पिसांच्या रंगासारखा जन्माबरोबर येतो, म्हणून ओळखीला भरवशाचा. दक्षिण अमेरिकेच्या रानात अशा उपगायकांच्या हजाराहून अधिक जाती आहेत.

आणि आपल्याकडे? येऊरच्या झाडीत गाणारे जवळजवळ सगळे पक्षी शिकणाऱ्यांपैकी आहेत. दक्षिण अमेरिकेची पट्टी इथे लावायला गेले की ती वाकते.

आता त्या पहाटेचे संशयित एकेक करून पाहू. पहिला शीळकरी कस्तूर, इंग्रजीत ज्याला शीळ घालणारा शाळकरी पोरगा म्हणतात तो. जूनमध्ये ओढ्यांना पाणी आले की हा निळा-काळा पक्षी पहाटेच्या अंधारात सुरू होतो. त्याची शीळ ऐकताना वाटते, कोणीतरी माणूस विसरलेली चाल आठवायचा प्रयत्न करतो आहे. दोन सूर बरोबर लागतात, तिसरा घसरतो, पुन्हा मागे येतो. ताल नाही, सम नाही, नुसता आळसावलेला आलाप. ओढा जवळ होता, वेळ पहाटेची होती. पारडे त्याच्याकडे झुकते. पण मग पंधरा मिनिटे ऐकून ‘माणसासारखी शीळ’ असे मी का लिहिले नाही? कस्तूर ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा तेच येते.

दुसरा शामा. लांब शेपटीचा, पोटाने तांबूस, बांबूच्या बेटातून न निघणारा. दयाळाचा हा सख्खा नातलग, दोघे एकाच प्रजातीतले. दयाळ डोंबिवलीत उन्हाळाभर पहिल्या लोकलच्याही आधी अँटेनाच्या टोकावर बसून गातो, त्यामुळे त्याची लकेर अनेकांच्या कानात आहे. शामाचे सूर अधिक भरीव आणि खालच्या पट्टीतले, आणि त्यात इतरांकडून उचललेले पुष्कळ. या पक्ष्याला जगाच्या ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात अढळ जागा आहे. १८८९ मध्ये जर्मनीत लुडविग कोख या आठ वर्षांच्या मुलाने वडिलांनी आणलेल्या एडिसनच्या यंत्रावर पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे गाणे मेणाच्या नळीवर उतरवले. पक्ष्याच्या आवाजाचे ते सर्वांत जुने ज्ञात मुद्रण, आणि तो पक्षी होता आपल्या रानांतला शामा. ते मुद्रण आजही ऐकता येते. म्हणजे फ्रँकफर्टच्या पिंजऱ्यातला शामा ओळखता येतो, आणि त्यानंतर ९८ वर्षांनी येऊरमध्ये मी ऐकलेला पक्षी येत नाही.

तिसरा पल्लवपुच्छ कोतवाल. शेपटीला दोन चवऱ्या लावलेला हा काळा पक्षी अव्वल नकलाकार आहे. श्रीलंकेच्या सिंहराजा जंगलात एबेन गुडेल आणि सरथ कोटगम यांनी दाखवून दिले की तो दुसऱ्या पक्ष्यांचे धोक्याचे आवाज प्रसंग पाहून वापरतो. शिकऱ्याची किंकाळी, कस्तुराची शीळ, काहीही काढील. हरेवाही नकला करतो. तेव्हा मी ऐकलेली शीळ कोणाचीही असो, ती कोतवालाने काढलेली नव्हती कशावरून? दोन-तीन निरनिराळे आवाज एकाच फांदीवरून आले असते तर संशय घेता आला असता. पण मी ‘शीळ’ असे एकवचन लिहून मोकळा झालो.

राहता राहिला नवरंग. मे-जूनमध्ये दक्षिणेकडून तो येऊरच्या बाजूला विणीसाठी येतो. जमिनीवरचा पाचोळा उलटणारा, आखूड शेपटीचा, अंगावर रंगांची उधळण. प्रवासात दमलेला नवरंग ठाणे-डोंबिवलीतल्या एखाद्या इमारतीच्या जिन्यात बसलेला सापडतो आणि मग सोसायटीभर फोटो फिरतात. त्याची शीळ दोन सुरांची: पहिला चढा, दुसरा उतरता, ‘व्हीट्-टिऊ’, आणि मग मोठा खंड. हा पिट्टा कुळातला, आणि पिट्टा कुळ उपगायकांत मोडते. आशिया-आफ्रिकेकडे उपगायक हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच कुळांत उरले आहेत, आणि येऊरच्या यादीतला त्यांचा प्रतिनिधी हा एकटा. त्याची शीळ शिकवणीतून आलेली नसावी, असे मानायला जागा आहे. म्हणजे अ‍ॅमेझॉनची पट्टी ठाण्यात कोणाला सरळ लागू पडत असेल तर ती याला. शीळ दोन सुरांची होती की नाही, एवढे एक वाक्य मी लिहिले असते तरी नवरंग ठेवायचा की काढायचा हे आज ठरले असते.

आणि याच पक्ष्याला आपण नाव दिले ते डोळ्याने: नवरंग. तमिळमध्ये त्याला ‘आरुमणि कुरुवी’ म्हणतात, म्हणजे सहा वाजताचा पक्षी; पहाटे-संध्याकाळी सहाच्या सुमारास तो बोलतो म्हणून. तमिळ नावात वेळ आहे आणि आवाज आहे. मराठी नाव सुंदर आहे, आणि झाडीत लपलेला पक्षी ओळखायला निरुपयोगी आहे.

मराठीला कान नाही, असे मात्र म्हणवत नाही. उलट बोलीतली नावे पाहा. टिटवी, कुटुरगा, वटवट्या ही थेट आवाजावरून आली. तांबट हे नाव तर मला सगळ्यांत वरचे वाटते. पुण्याच्या तांबट आळीत पातेल्यावर पडणारी हातोडी ज्याने ऐकली त्याला ‘टुक् टुक् टुक्’ हा आवाज, त्याचा धातूसारखा पोत आणि न चुकणारी लय हे सगळे एका शब्दात मिळते. तांब्याची भांडी गेली, आता मुलांना उलटे सांगावे लागते की पूर्वी तांबट नावाची माणसे या पक्ष्यासारखा आवाज करीत. पावशाचे तर काय सांगावे! शेतकऱ्याने त्याच्या तोंडी ‘पेरते व्हा’ घातले. हिंदीवाल्याला तोच ‘पी कहाँ’ विचारतो, बंगाल्याला ‘चोख गेलो’, डोळा गेला, असे ऐकू येते, आणि उकाड्याने जेरीस आलेल्या इंग्रजाला ‘ब्रेनफीव्हर’. अर्थ चार, पण अक्षरांचा साचा आणि शेवटचा चढ जवळजवळ एकच. चार भाषांच्या लोकांनी एकमेकांना न विचारता एकच आवाज टिपला. पट्टी नसतानाही मोजमाप झाले होते.

छापील मराठीने हे सोडून ‘मंजुळ’ का धरले? माझा तर्क असा की ‘पेरते व्हा’ गावंढळ वाटले आणि ‘मंजुळ कूजन’ साहित्यिक. पक्ष्यांची प्रमाण मराठी नावे ठरवण्याचे काम अलीकडे मोठ्या निष्ठेने झाले आहे, ते हवेच होते. पण त्यातही नवी नावे घडवताना इंग्रजी नावाकडे पाहून गळा, भुवई, पोट यांचे रंग भाषांतरित करण्याकडे कल दिसतो. रानात ऐकून नाव पडण्याची वाट त्यामुळे बंद होते.

आणखी एक साधन आपल्या हाताशी असून आपण वापरत नाही. डोंबिवलीत दर दुसऱ्या इमारतीत गाण्याचा क्लास आहे. ठाण्यात पहाटेच्या मैफिली भरतात. मींड, खटका, मुरकी, खंड, द्रुत, तार सप्तक हे शब्द या वाचकाला समजावून द्यावे लागत नाहीत. पावशा एकच मुखडा दर वेळी थोडा वरच्या सुरावर घेत नेतो, तार सप्तकात गळा फाटेपर्यंत, आणि थांबून पुन्हा खालून सुरू करतो. नवरंग दोन सुरांत मींड घेऊन गप्प बसतो. कस्तुराचा आलाप कुठल्याच समेवर येत नाही. दयाळ छोट्या छोट्या मुरक्या घेतो आणि प्रत्येक ओळ नव्याने बांधतो. हे वाचून कोणी पक्षी चुकेल, पण ‘मधुर’ वाचून चुकेल त्याहून नक्कीच कमी. यावर एक आक्षेप मला दिसतो: आपण पक्ष्याच्या तोंडी आपले संगीत कोंबतो. कोंबतो खरे. ‘पेरते व्हा’मध्येही आपली शेती कोंबलीच होती, तरी पावशा हरवला नाही.

यंत्रांमुळे आता याची गरज उरली नाही, असे तरुण म्हणतील. ‘झेनो-कँटो’ हा जगभरच्या पक्ष्यांच्या आवाजांचा खुला संग्रह २००५ मध्ये दोन डच निरीक्षकांनी सुरू केला, तोही प्रथम मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या पक्ष्यांसाठीच. आज त्यात आपलेही पक्षी भरपूर आहेत. कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘मर्लिन’मध्ये २०२१ पासून आवाज ऐकून नाव सुचवण्याची सोय आहे. मी दोन्ही वापरतो. पण येऊरमध्ये एकदा फोनने ओळीने तीन नावे दाखवली आणि समोरच्या फांदीवर कोतवाल एकटाच बसलेला होता. हे ओळखायला शेजारी उभ्या माणसाचा कान लागला. शिवाय यंत्र आजचा आवाज साठवील. १९८७ चा आवाज साठवायला त्या दिवशी माझ्याजवळ भाषेखेरीज काही नव्हते.

आता ती उरलेली ओळ. ‘पंधरा मिनिटे ऐकत उभे’ याच्या खाली लिहिले आहे: ‘पाड्यावरचे आजोबा भेटले. त्यांनी पक्ष्याचे नाव सांगितले, स्थानिक आहे.’ नाव लिहिलेले नाही. पुस्तकात सापडणार नाही अशा नावाचे काय करायचे, असे वाटून मी ते सोडून दिले असावे. त्या माणसाने पक्षी न पाहता, नुसत्या कानाने, चालता चालता ओळखला होता.

यंदाच्या जूनमध्ये मी पुन्हा पाटोणापाड्याकडे गेलो. चौकशी करत त्यांच्या नातवाला गाठले. पस्तिशीचा असेल, रिक्षा चालवतो. ओढ्याकाठी उभे राहून मी त्याला फोनवर एकामागून एक आवाज ऐकवले. त्याने पहिल्या काही सेकंदांतच सगळे ओळखले.

‘‘हा नवरंग. हा शामा. हा तो व्हिसलिंग थ्रश.’’

‘‘ही नावं कोणी सांगितली?’’

‘‘तुमच्यासारखीच माणसं येतात ना रविवारी, कॅमेरे घेऊन. त्यांना दाखवायला नेतो मी.’’

‘‘आणि आजोबा काय म्हणायचे याला?’’

त्याने फोन हातात घेऊन नवरंगाची शीळ पुन्हा एकदा लावली. मग कस्तुराची लावली. ऐकत उभा राहिला.

‘‘त्यांचं वेगळं होतं काहीतरी,’’ तो म्हणाला. ‘‘लहानपणी माहीत होतं मला.’’